पहिल्या वाफेचा नेम

"जेवणाला काय तोटा, डॉक्टर? आमचीच खानावळ आहे," मल्लूअण्णा म्हणाले आणि स्वतःच हसले.

डॉक्टर साळवे हसल्या नाहीत. समोरच्या स्टुलावर माझी थोरली जाऊ कस्तुराक्का पदराचा बोळा पोटाशी दाबून बसली होती, तिच्याकडे त्या बघत होत्या.

"मी यांना विचारलं. कस्तुराबाई, काय होतं?"

"होत काही नाही. छातीत जळतं."

"कधी?"

"जेवल्यावर," अक्का म्हणाली. मग जरा विचार करून, "आणि न जेवल्यावर."

"आणखी?"

"आडवी झाले की घशाशी आंबट येतं. वाकून पीठ मळतानाही येतं. सकाळी आवाज बसलेला असतो. आणि हल्ली भाकरीचा घास इथं अडतो." तिनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "वर पाणी प्यालं की उतरतो."

"कधीपासून?"

अक्कानं नवऱ्याकडे बघितलं, जणू ते साल तिनं त्यांच्याकडे ठेवायला दिलं होतं. "आमचा विजू शाळेत जायला लागला, तेव्हापासून असंल."

"विजू आता कॉलेजात आहे," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मल्लूअण्णा सावरून बसले. "पित्त आहे हो, दुसरं काही नाही. सोडा-लिंबू दिलं, ओवा दिला, कोकमाचं सरबत झालं. आमच्या घराण्यातच पित्त आहे."

"तुमच्या घराण्यात असेल," डॉक्टर म्हणाल्या. "या बाहेरून आल्यात."

मला हसू आलं ते मी खोकल्यात घातलं. माझे वडील सांगलीच्या बाजारात हळदीचे मापाडी होते. पोतं काट्यावर चढायच्या आधी ते नुसत्या नजरेनं वजन सांगायचे आणि फार चुकायचे नाहीत. तो गुण माझ्यात उतरला, फक्त हळदीऐवजी माणसांवर. मल्लूअण्णांचं वजन मी लग्नात मांडवातच केलं होतं. मनानं वाईट नाहीत, पण स्वतःचं पोट भरलं की जग जेवलं असं समजणारे. डॉक्टर साळवेबाई दिसायला किरकोळ, पण भरीव. अक्काचं वजन मात्र मला कधी करता आलं नव्हतं. ती काट्यावर उभीच राहायची नाही. सतत कुणाच्या तरी मागे, चुलीपुढे, पिठात.

आदल्या दिवशी घशातून दुर्बीण घालून तिची तपासणी झाली होती. डॉक्टरांनी कागद पालथा घालून त्यावर एक नळी काढली, खाली एक पिशवी काढली आणि दोन्हींच्या मध्ये आडवी रेघ मारली.

"ही अन्ननलिका, हे जठर. मधे ही झडप. घास खाली गेला की ती मिटायला हवी. यांची सैल पडलीय. त्यामुळे जठरातलं आम्ल उलटं वर येतं. जठराला त्या आम्लाची सवय असते, नळीला नसते. ती भाजते. यांची खालच्या टोकाला चांगलीच भाजलीय. म्हणून घास अडतो."

"मग आता?" मी विचारलं.

"आता आवरलं तर भरून येईल. नाही आवरलं तर जखमेतून रक्त जाईल, नाहीतर जखम भरताना नळी आवळत जाईल. मग भाकरी सोडा, पेजसुद्धा उतरणार नाही."

अक्का शेजारच्या बाईचं दुखणं ऐकावं तशी ऐकत होती. डॉक्टरांनी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी लिहून दिली. मग पथ्य सांगितलं. मिरची आणि तळण बंद. उपाशीपोटी चहा बंद. दिवसभर कोरडं राहून एकदम पोटभर जेवायचं नाही, थोडंथोडं चार वेळा खायचं. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. रात्रीचं जेवण लवकर. पलंगाचे उशाकडचे पाय विटांवर ठेवून डोक्याची बाजू उंच करायची. परकराची नाडी करकचून बांधायची नाही, पोटावर दाब येतो.

सगळ्याला अक्का मान हलवत होती. हो म्हणायची तिला सवय होती. होकार दिला की माणसं लवकर निघून जातात हे तिला ठाऊक होतं.

"उपवास करता?"

"करती ना," मल्लूअण्णांची छाती फुगली. "सोमवार, गुरुवार, शनिवार. वर चतुर्थी, एकादशी. फार देवभोळी आहे."

"काय खाता उपवासाला?"

"साबुदाण्याची खिचडी," अक्का म्हणाली. "शेंगदाण्याची आमटी. कधी वडे."

"हिरवी मिरची घालून, तुपातेलात. आणि तोवर पोट रिकामं." डॉक्टरांनी कागदावर जाड रेघ मारली. "उपवास बंद. सगळे."

"आलं लक्षात," मल्लूअण्णा म्हणाले. "आजपासून बंद."

"ते नाही जमायचं," अक्का म्हणाली.

आवाज बसलेलाच होता, पण इतकी वर्षं एका घरात राहून मी तिच्या तोंडून नकार पहिल्यांदा ऐकला. मल्लूअण्णांनीही बहुतेक पहिल्यांदाच. कपाटानं उत्तर दिल्यासारखे ते तिच्याकडे बघत राहिले.

---

आमची खानावळ मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. मिरजेला माणूस एकतर आजारी म्हणून येतो नाहीतर आजाऱ्यासोबत, आणि सोबत आलेल्याला भूक लागतेच. सकाळी डबे जायचे, दुपारी पंगतीमागून पंगत, संध्याकाळी पुन्हा तेच. गल्ल्यावर मल्लूअण्णा. बाजारहाट माझ्या नवऱ्याकडे. भाकऱ्या आणि चपात्या कस्तुराक्काकडे, भाज्या आणि वाढप माझ्याकडे. आणि कोठीच्या दारात बुटक्या खुर्चीवर सासूबाई, ज्यांना सगळी मिरज अव्वा म्हणायची. मीठमसाला त्यांच्या हातून निघायचा आणि आमटी फक्त त्या करायच्या. त्या आमटीवर खानावळ उभी होती. लांबलांबचे लोक पेशंटला घरी न्यायच्या दिवशी मुद्दाम आमटी खाऊन जायचे.

अव्वांच्या कमरेला पानाची चंची असायची. तिच्यात चुन्याच्या डबीशेजारी आणखी एक डबी होती, खाण्याच्या सोड्याची. दुपार कलली की त्या चिमूटभर सोडा तळहातावर घ्यायच्या, तोंडात टाकायच्या, पाण्याचा घोट आणि मग एक लांब ढेकर. ढेकर ऐकला की मी वेळ ओळखायची, आता आम्ही जेवायचं.

कारण आम्ही बायका शेवटी. शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन गेलं, भांडी मोरीत पडली, की पातेल्याच्या तळाशी जे राहील ते. आमटी गार होऊन तिच्यावर तेलाचा पापुद्रा. भाजी असली तर असली, नाहीतर ठेचा आणि सकाळची भाकरी. सकाळपासून चहावर काढलेलं पोट तिखटाशिवाय ऐकायचंही नाही. ते भराभर गिळायचं आणि संध्याकाळच्या कणकेआधी घटकाभर तिथंच फरशीवर पाठ टेकायची. मीही तेच खायची. माझी झडप तरुण होती, एवढाच फरक.

दवाखान्यातून आल्यावर मल्लूअण्णांनी आईला सगळं सांगितलं. म्हणजे त्यांच्या लक्षात राहिलं तेवढं.

"उपवास बंद करायचे म्हणाल्या डॉक्टर."

"आणि?" अव्वांनी विचारलं.

"आणि गोळी आहे एक. बाकी आपलं नेहमीचं, तिखट कमी वगैरे."

पथ्याच्या सगळ्या गोष्टींतून घरानं एकच उचलली, जिला कुणालाच काही करावं लागणार नव्हतं.

सोमवारी अक्कानं सकाळी चहा घेतला नाही. मी समजले. दुपारी मागच्या खोलीतल्या वेगळ्या शेगडीवर उपवासाची कढई चढली. मल्लूअण्णा गल्ल्यावरून उठून आत आले.

"डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलं नाहीस?"

"देवाला बोललेय," अक्का म्हणाली.

"देव काय दुर्बीण घालून बघतोय काय तुझ्या पोटात?"

"गिऱ्हाईक आलंय बघा," ती म्हणाली आणि खिचडी परतत राहिली.

गोळ्याही ती घेईना. उपवासाला चालत नाही म्हणाली. मंगळवारी विचारलं तर राहून गेली म्हणाली. गुरुवारी पुन्हा कढई चढली. मल्लूअण्णा रागावले, मग अबोला धरला. अक्काला त्याचा काही त्रास झाल्याचं दिसलं नाही. अव्वा चंचीतल्या डबीचं झाकण उघडत आणि लावत बसल्या.

शनिवारी सकाळी अक्का मोरीत ओकली. मी पाणी ओतायला गेले तर आंबट पाण्यात लाल तार होती. तिनं माझ्या हातातला तांब्या घेऊन ते आधी वाहून टाकलं.

"कुणाला सांगू नकोस."

"अक्का, रक्त आहे ते."

"बीट खाल्लं असंल."

"कधी खाल्लंत बीट? आपल्याकडं बीट गिऱ्हाईकाच्या कोशिंबिरीला पुरत नाही."

ती हसली, तोंड पुसलं आणि पोळपाटाशी जाऊन बसली.

---

त्या दिवशी मी वाढता वाढता हिशेब मांडत होते. मी देवाधर्माची नाही असं नाही, पण भक्ती कशी दिसते ते मला ठाऊक आहे. माझी आत्या सोमवार धरायची. अंघोळीपासून तोंडात नाव असायचं. अक्का देवळात कधी गेलेली मी बघितली नव्हती. खानावळीतल्या तसबिरीला हार मल्लूअण्णा घालायचे. एकदा मी गमतीनं विचारलं होतं, "अक्का, शनिवार कुणाचा?" तर म्हणाली, "शनीचा." मग घाईनं, "मारुतीचा. दोघांचा." ज्या देवासाठी बाई रक्त ओकते तो नेमका कोण, हे तिलाच पक्कं माहीत नव्हतं.

दुपारची ऐन गर्दी. मल्लूअण्णांनी गल्ल्यावरून हाक मारली, "चपात्या संपत आल्या, कस्तुराला बोलव." मी मागच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले.

अक्का खिडकीजवळ पाटावर बसली होती. मांडी घालून, पाठ भिंतीला टेकवून. पुढ्यात स्टीलची ताटली, खिचडीवर खोबरं, शेजारी वाटीत दही. वाफ निघत होती. ती एक एक घास फुंकर घालून, चावून, सावकाश खात होती. मधेच तिनं डोळे मिटले आणि मूठ छातीवर दाबली. जळत असणार. थोडा वेळ तशीच थांबली. मग पुढचा घास घेतला.

"दुखतंय तर कशाला खाताय, अक्का?"

तिनं मान वर केली. उठायला गेली नाही. उपवासाच्या फराळावरून उठवायचं नाही आणि उठलं तर पुन्हा तोंड लावायचं नाही, असा आमच्या घरात जुना नियम होता. त्यामुळे फराळाला बसलेल्या बाईला कुणी बोलावत नसे. हाक मारली तरी "उपवासाचं खातीय" म्हटलं की संपलं.

"गरम आहे गं," अक्का म्हणाली.

मी एक पाऊल आत आले.

"बस की जरा," ती म्हणाली. "इथं वारा येतो."

बाहेरून पुन्हा हाक आली. मी ओरडून सांगितलं, "उपवासाचं खातीय." हाक थांबली. अक्कानं ताटलीतली खिचडी बोटानं अर्धी केली आणि एक भाग माझ्याकडे सरकवला.

"माझा उपवास नाही," मी म्हणाले.

"मला तरी कुठं आहे?" ती म्हणाली. पुन्हा छातीवर मूठ दाबून ती हळूच हसली.

इतक्या वर्षांनी त्या दिवशी माझ्या हाती तिचं वजन लागलं. आठवड्यातले तीन वार, वर चतुर्थी आणि एकादशी, एवढेच दिवस तिच्यासाठी म्हणून काहीतरी शिजायचं, ते ती गरम खायची, बसून खायची, आणि खाताना तिला कुणी उठवायचं नाही. डॉक्टरांनी आणि मल्लूअण्णांनी मिळून नेमकं तेच बंद केलं होतं.

---

डॉक्टर साळवे दुपारी आमच्याकडेच जेवायच्या, कोपऱ्यातल्या टेबलावर. गल्ल्यावरून ते टेबल नीट दिसायचं, म्हणून सोमवारी मी त्यांच्याशी खेपाखेपांनी बोलले.

चपाती वाढताना म्हणाले, "अक्का गोळ्या घेत नाही. परवा ओकारीत रक्त होतं."

"आधी का नाही सांगितलंत? उद्या आणा तिला."

भाजी घेऊन आले. "आणते. पण उपवास सोडणार नाही ती."

"का? एवढं काय मागितलंय देवाकडे?"

आमटी घेऊन आले. "गरम जेवण."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. मी वाटीत आमटी वाढली. वाटीतून वाफ निघत होती.

"आणि बाकीचे दिवस काय जेवते?"

"तुमचं आवरल्यावर उरेल ते."

"माझं?"

"तुम्हा सगळ्यांचं. मीठ वाढू का?"

त्यांनी नको म्हणून हात केला. मी आणखी एक चपाती घेऊन आले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी मल्लूअण्णांना बोलावून स्पष्ट सांगते. आधी तिला जेवू घाला, मग गिऱ्हाईक."

"ऐकतील की. चार दिवस. पाचव्या दिवशी कुणाची एसटी भरून माणसं आली, की म्हणतील, कस्तुरा, औषधाचं काय, घटकाभर थांबेल. आणि ती थांबेल. आमच्यात औषधाला थांब म्हणतात. उपवासाला म्हणत नाहीत."

"मग काय करायचं म्हणता?"

"पथ्य सगळं मला पुन्हा सांगा. एकही गोष्ट गाळू नका. मी त्याचा नेम करते."

"नेम म्हणजे?"

"व्रत."

डॉक्टर साळवे रविवारी चर्चला जाणाऱ्या. त्यांनी चपातीचा तुकडा आमटीत बुडवला, खाल्ला, बोटं पुसली. "माझ्या देवाची हरकत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या देवांचं तुम्ही बघा. पण एक अट. गोळी त्यात बसली पाहिजे."

"बसवते."

"आणि उद्या तपासायला आणायची म्हणजे आणायची. व्रतानं रक्त थांबत नाही."

---

संध्याकाळच्या कणकेआधी मी अव्वांच्या खुर्चीपाशी जाऊन बसले. मल्लूअण्णा तिथंच होते. अक्का पोळपाट पुसत होती.

"अक्काचे उपवास सुटायला एक वाट आहे," मी म्हणाले. "आमच्या माहेरी अन्नपूर्णेचा नेम असतो. तो धरला की बाकीचे वार आपोआप त्याच्यात येतात. दुसरा उपवास करायचा नाही."

"कधी ऐकला नाही," मल्लूअण्णा म्हणाले.

"बायकांचा असतो."

"मग असंल," ते म्हणाले.

अव्वांनी चंची मांडीवर घेतली. "काय करायचं असतं त्यात?"

"उगवतीला, काही खायच्या आधी, घोटभर पाण्याबरोबर गोळी. तीर्थासारखी. मग चहा नाही. मऊ भात नाहीतर पेज. दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायचं, आणि पहिल्या वाफेचं खायचं. शिळं, गार, उरलेलं चालत नाही. देवीला उष्टं दाखवल्यासारखं होतं."

"पहिल्या वाफेचं म्हणजे गिऱ्हाईकाच्या आधी?" मल्लूअण्णांनी विचारलं.

"आधी. नैवेद्य गिऱ्हाईकानंतर दाखवतात काय?"

मल्लूअण्णांनी आईकडे बघितलं.

"तिखट नाही, तळलेलं नाही," मी पुढे म्हणाले. "खाताना उठायचं नाही, हे आपल्याकडं आहेच. दिवेलागणीला शेवटचं जेवण. त्यानंतर निजेपर्यंत पाठ टेकायची नाही. कमरेला गाठ आवळायची नाही. आणि निजताना डोकं उंचावर पाहिजे. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा."

"तिला पलंग कुठाय?" मल्लूअण्णा म्हणाले. "ती खाली झोपती. पलंग माझा आहे."

अक्का पोळपाटाचा तोच कोपरा पुन्हा पुसत होती.

"देवीचा नेम आहे," अव्वा म्हणाल्या. "पलंग तिला दे. तुझी झडप बरी आहे, तू खाली झोप."

मी चमकून अव्वांकडे बघितलं. झडपेबद्दल त्यांना मल्लूअण्णांनी सांगितलेलं नव्हतं, मीही नाही. पण दुपारी पथ्य सांगताना डॉक्टर झडपेचंही बोलल्या होत्या, त्यांच्या टेबलापासून कोठीचं दार काही फार लांब नव्हतं, आणि अव्वांचे कान म्हातारे नव्हते.

"आणि उद्यापन कधी?" त्यांनी विचारलं.

"देवी सांगेल तेव्हा."

"कशी सांगती?"

"छातीत जळायचं थांबलं की सांगितलं म्हणायचं. तरी एकदम सोडायचा नाही."

अव्वा माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत मापाड्याचं काहीतरी होतं. मला वाटलं, आता माझं वजन होतंय. मग त्यांनी डबीचं झाकण लावलं.

"नेम म्हटल्यावर नेम," त्या म्हणाल्या. "उद्यापासून धर, कस्तुरा. मोडलास तर बघ."

आत गेल्यावर अक्कानं मला पिठाच्या डब्याशी गाठलं. "खरंच करतात हे तुझ्या माहेरी?"

"आता करतील," मी म्हणाले.

---

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला तपासलं, गोळी बदलून दोन वेळची केली. मी तीर्थही दोन वेळचं केलं. मल्लूअण्णा स्वतः विटा घेऊन आले. माणूस वाईट नव्हता म्हणते ते यासाठी. औषधासाठी त्यांनी ज्याला दहा फाटे फोडले असते ते देवीसाठी मुकाट केलं. एकदा ऐन दुपारी लग्नाचं अख्खं वऱ्हाड खानावळीत शिरलं, भाकऱ्या कमी पडल्या. कुणीतरी "वहिनींना बोलवा" म्हणालं, तर मल्लूअण्णाच म्हणाले, "नेमाचं खातीय. बसा, होतंय." आणि वऱ्हाड बसलं. भूक लागलेली माणसं थोडं थांबली म्हणून मरत नाहीत, ही गोष्ट आमच्या खानावळीला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

सगळं सरळ झालं असं नाही. अक्कानं एकदा चोरून मिरचीचं भजं खाल्लं आणि अख्खी रात्र पलंगावर बसून काढली. सकाळी मला म्हणाली, "देवी कडक आहे गं." पण ओकारी थांबली. आवाज मोकळा झाला. ती भाकऱ्या थापताना गुणगुणते हे आम्हाला पहिल्यांदा कळलं, आणि बेसूर गुणगुणते हेही. भाकरीचा घास अडेनासा झाला. डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा कागदावरच्या नळीच्या खालच्या टोकाला बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, "तुमच्या देवीला माझा नमस्कार सांगा."

मला वाटलं, गोष्ट इथं संपली.

एक दिवस सकाळी, पहिली पंगत बसायच्या आधी, मी अक्काचं ताट वाढत होते. मऊ भात, दुधी भोपळ्याची भाजी, आणि तिच्यासाठी बिनतिखटाची काढून ठेवलेली आमटी. अक्का बाकावर बसली होती, परकराची गाठ सैल, अगदी पाहुण्यासारखी. अव्वा कोठीच्या दारातून उठल्या. त्या उठल्या की काहीतरी बिनसलेलं असायचं, म्हणून मी थांबले.

"शैला," त्या हळू म्हणाल्या. "तुझ्या त्या नेमाला विधवा बसलेली चालती का?"

अक्काचा हात ताटावरच राहिला.

"फराळावरून उठवायचं नाही, हा नियम घरात कुणी घातला माहीत आहे का?" अव्वा म्हणाल्या. "मी घातला. माझ्या सासूला सांगितलं, आमच्या माहेरी असतो. मी चार वार धरायची. मग पोटाला खिचडी सोसंना, वार सुटले." त्यांनी कमरेची चंची सोडली, त्यातली सोड्याची डबी काढून माझ्या हातात दिली. "तवापासून हे."

मी डबी फळीवर ठेवली. अक्का बाकावर सरकली आणि तिनं पदरानं शेजारची जागा पुसली. अव्वा बसल्या. खानावळीच्या बाकावर त्यांना बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. पाय खाली पोचत नव्हते. मी ताट मांडलं, भात वाढला, आणि त्यांच्याच हातची, बिनतिखटाची काढून ठेवलेली गरम आमटी पळीभर वाटीत ओतली.

बाहेर माणसं जमायला लागली होती. मल्लूअण्णांनी आत डोकावून बघितलं, आईला बाकावर बघितलं आणि दार ओढून घेतलं.

अव्वांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली. वाफ तोंडावर येऊ दिली. एक घोट घेतला, मग दुसरा. वाटी खाली ठेवून पदरानं ओठ टिपले.

"लोक आमटी चांगली म्हणायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, उगाच म्हणतात."